मुठीतला हत्ती

दिवाळी तोंडावर आली की आपल्या घरोघरी एक सोहळा चालतो. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात, चिंचेच्या कोळाने घासली जातात आणि दोन दिवस का होईना, घर त्यांच्या लखलखाटाने भरून जाते. वस्तू चमकू लागली म्हणजे ती कोठून आली, कोणी घडविली, तिच्यासाठी कोणी काय सोसले, हे प्रश्न मागे पडतात. चकाकीचा गुणच हा की ती डोळ्यांना दिपविते आणि आठवण पुसते. आज मी वाचकांपुढे अशाच एका चकचकीत वस्तूचा इतिहास मांडणार आहे. ही वस्तू आपल्या ताटाशेजारची नव्हे, साहेबाच्या ताटाशेजारची. ती म्हणजे हस्तिदंती मुठीची सुरी. परंतु साहेबाच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वी तिची वाट आपल्या मुंबईवरून गेलेली आहे, म्हणून तिची कथा आपल्यालाही अगदीच परकी नाही.

शस्त्राची मूठ हस्तिदंताची करण्याची हौस पुरातन आहे. दहाव्या शतकातील अरब प्रवासी मसूदी याने लिहून ठेवले आहे की, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात व चीनमध्ये जातात आणि हिंदुस्थानात त्यांच्या कट्यारींच्या व वाकड्या तलवारींच्या मुठी होतात, बुद्धिबळाची प्यादी होतात. ज्या देशात हत्ती मुबलक त्याच देशाने परदेशातून दात का आणावेत, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर असे की, आपल्याकडे मोठे सुळे फक्त नराला येतात आणि तेही प्रत्येक नराला नाही. आफ्रिकेच्या हत्तीत नरमादी दोघांनाही सुळे असतात. शिवाय तिकडचा दात कोरण्यास व रंगाने उजवा, असा कारागिरांचा अनुभव होता. गुजरात, काठेवाड आणि राजपुताना या भागांत नवरीच्या हातात हस्तिदंती चुडा हवाच असे. तेवढ्या चुड्यांना घरचे हत्ती पुरे पडणारे नव्हते.

मोगल दरबारात तर मुठीचे वेड शिगेला पोहोचले. जहांगीर बादशहाला (कारकीर्द १६०५ ते १६२७) उत्तर समुद्रातील वॉलरस या प्राण्याच्या दाताची फार ओढ होती. फारसीत त्याला 'दंदान-ए-माही', म्हणजे माशाचा दात, म्हणत. काळ्यापांढऱ्या छटांचा असा एक दात हाती आला तेव्हा बादशहाला झालेला आनंद त्याच्या आत्मचरित्रात वाचावयास मिळतो. त्याच्या कट्यारींच्या मुठी घडविणारे पूरण आणि कल्याण हे दोन कारागीर. त्यांची नावे बादशहाने स्वतः नोंदवून ठेवली, हे त्या काळी केवढे भाग्य! राजाच्या कमरेची मूठ घडविणाऱ्याला निदान नाव तरी मिळाले. पुढे ज्यांनी सामान्य माणसाच्या जेवणाच्या सुऱ्यांना मुठी बसविल्या, त्यांच्या वाट्याला तेही आले नाही.

ती मंडळी इंग्लंडच्या शेफील्ड गावातली. डोंगराच्या कुशीतले हे गाव. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हेलिन आणि लॉक्सली अशा पाच नद्या त्याच्या आसपास वाहतात. नद्यांच्या पाण्यावर चाके फिरत आणि डोंगरातला वालुकाश्म सहाणेला उपयोगी पडे. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीने आपल्या एका गोष्टीतल्या गिरणीवाल्याजवळ शेफील्डची सुरी दिली आहे. त्यावरून तिचा लौकिक किती जुना, हे ध्यानात यावे. इ. स. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तेथील सुरीकारांची पंचायत स्थापन झाली. कोणी कोणती खूण पात्यावर उठवावयाची, उमेदवाराने किती वर्षे हाताखाली काम करावयाचे, हे सारे ती ठरवी. एकेका खोलीत एकेक 'छोटा उस्ताद' आपले शेगडे, आपल्या कानशी आणि एकदोन पोरे घेऊन बसलेला असे. आपल्याकडच्या तांबट आळीची आठवण व्हावी असेच ते दृश्य.

पूर्वी इंग्लंडातही पाहुणा जेवावयास येताना स्वतःची सुरी कमरेला लावून येत असे. पुढे यजमानाने टेबलावर सुऱ्या मांडावयाच्या, अशी रीत पडली आणि सुऱ्यांचे डझन लागू लागले. मोठ्या जेवणाच्या एक डझन, फळांच्या व गोडाच्या एक डझन, मांस कापण्याची थोरली जोडी निराळी. एकोणिसाव्या शतकात कारखानदार, डॉक्टर, वकील, दुकानदार अशा मध्यम वर्गाच्या हाती पैसा खेळू लागला. पाहुण्यांपुढे मांडलेल्या पांढऱ्या शुभ्र मुठींच्या डझनावरून घराची पत ओळखली जाऊ लागली. हाडाच्या मुठी स्वस्त असत, पण हाडात रक्तवाहिन्यांचे काळसर ठिपके दिसतात. हस्तिदंतावर असा डाग नाही. त्या एका डागाच्या अभावासाठी लोक कितीतरी जास्त पैसे मोजीत.

या धंद्यातले सर्वांत मोठे नाव जोसेफ रॉजर्स आणि सन्स यांचे. एक तारा आणि एक माल्टी क्रूस ही त्यांची खूण. नॉरफोक स्ट्रीटवर त्यांचा कारखाना होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी ७५ पात्यांचा एक अजस्र चाकू मांडून लोकांना थक्क केले. त्यांच्या हस्तिदंताच्या कोठारात सुळ्यांचे ढीग रचलेले असत आणि त्या ढिगांत उभ्या असलेल्या माणसांची जुनी छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. आपल्याकडेही रॉजर्सच्या चाकूचे नाव होते. बोरू तासावयाचा तर चाकू रॉजर्सचाच, अशी जुन्या कारकुनांची समजूत. आमच्या आजोबांच्या दौतीशेजारी असाच एक चाकू असे. त्याची मूठ मात्र हस्तिदंताची नव्हती. ती खडबडीत, तपकिरी, शिंगाची होती. त्या शिंगाविषयी पुढे सांगावयाचे आहे.

आता मूठ कशी होई ते पाहू. हस्तिदंत म्हणजे दातच. तुमच्याआमच्या दाताचा गाभा ज्या पदार्थाचा, त्याच पदार्थाचा. करवत चालू लागली की कारखान्यात जो वास सुटे, तो दाताच्या डॉक्टरकडे दात कोरून घेताना येणाऱ्या वासासारखाच असे. सुळ्याचा मुळाकडचा भाग पोकळ असतो, मधला भरीव आणि टोक तर अगदी घट्ट. भरीव भागातूनही एक बारीक नलिका टोकापर्यंत गेलेली असते. बाहेरून तपकिरी साल. कापणाऱ्याने सुळा हाती घेतला की प्रथम तो नुसता पाहत राही. कोठे वाक आहे, कोठे चीर आहे, ती नलिका कोठून जाते, हे ओळखून तो पेन्सिलीने रेघा मारी. मोठ्या सुरीच्या मुठी कोठून, लहान सुरीच्या कोठून, खिशातल्या चाकूच्या दोन बाजूंना लावावयाच्या पातळ पट्ट्या कोठून, हे सारे आधी डोळ्यांनी कापावयाचे आणि मग करवतीने. एक रेघ चुकली तर चार मुठींचे मोल वाया. त्यामुळे कापणाऱ्याचा मान कारखान्यात फार मोठा.

चक्राकार करवत चालविताना तुकडा तापू द्यावयाचा नाही, नाही तर तो करपतो आणि तडकतो. म्हणून पाणी सोडीत कापावयाचे. कापलेले तुकडे लगेच घडावयाचे नाहीत. हस्तिदंतात ओल असते. ती हळूहळू जाऊ द्यावी लागते, घाई केली तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटू लागतात. तुकडा मुरला की शेगड्यात धरून कानशीने आकार द्यावयाचा. कानशीचे चरे पात्याच्या धारेने खरवडून काढावयाचे. मग मुठीत भोक पाडून त्यात पात्याचे निमुळते शेपूट बसवावयाचे. स्वस्त मालात ते राळेच्या मिश्रणात नुसते चिकटवीत. उंची मालात शेपूट मुठीच्या आरपार नेऊन शेवटी ठोकून पक्के करीत आणि मूठ व पाते यांच्या सांध्यावर चांदीची साम चढवीत. शेवटी घोटाई. आधी प्युमिसची, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड पाण्यात कालवून, मग खडूची अगदी बारीक पूड. घोटता घोटता एक क्षण असा येतो की, तुकड्याचा खरखरीतपणा संपतो आणि आतून प्रकाश आल्यासारखे वाटते. हस्तिदंताला वरून तेल किंवा रोगण लावावे लागत नाही. त्याची चमक त्याच्या अंगचीच.

नीट घोटलेल्या मुठीच्या टोकाकडे निरखून पाहिले तर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची नाजूक जाळी दिसते. ती जाळी म्हणजे हत्तीची सही. ती कोणत्याही कारागिराला कोरता येत नाही.

काही वाया जाऊ देत नसत. लहान तुकड्यांची बटणे होत. अगदी निरुपयोगी चुरा बंद भांड्यात जाळून त्याचा 'आयव्हरी ब्लॅक' हा चित्रकारांचा काळा रंग करीत. जगातल्या सर्वांत शुभ्र वस्तूपासून सर्वांत काळा रंग निघावा, ही गंमतच म्हणावयाची. करवतीखालचा भुसा खत म्हणून विकला जाई. इतकेच नव्हे, तर तो शिजवून त्याची जेली करीत आणि अशक्त माणसाला पौष्टिक म्हणून देत!

घरात आल्यावरही या मुठीचे चोचले संपत नसत. गरम पाण्यात सुरी बुडाली की राळ सुटे, मूठ तडके. म्हणून मोलकरणीने उंच भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात सुऱ्यांची फक्त पाती उभी करावयाची आणि मुठी कोरड्या ठेवावयाच्या. बंद खणात ठेवल्या तर मुठी पिवळ्या पडत. सूर्यप्रकाशात ठेवल्या तर पुन्हा उजळत. म्हणजे ज्या शुभ्रतेवर घराची पत ठरे, ती शुभ्रताही कोणाच्या तरी हातांनी रोज जपावी लागे.

या मुठीत बसलेले पाते घासणाऱ्यांची दशा तर विचारूच नका. वालुकाश्माच्या चाकावर वाकून पाती घासताना दगडाची धूळ छातीत जाई. जे कोरड्या चाकावर काम करीत, विशेषतः काटे घासणारे, ते ऐन तारुण्यात खोकून खोकून मरत. शेफील्डचे डॉक्टर कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या रोगावर लिहून लोकांचे डोळे उघडण्याचा यत्न केला. सुरी मात्र पांढरी शुभ्रच राहिली.

आता दात आला कोठून, त्या वाटेने मागे जाऊ. शेफील्डचे व्यापारी लंडनच्या मिन्सिंग लेनमधील लिलावात हस्तिदंत घेत. लंडनला तो अनेक वाटांनी येई. त्यांतली एक मोठी वाट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या झांजिबार बेटावरून निघे. तेथे ओमानचा सुलतान सय्यद सईद याचे राज्य होते. त्याच्या जकातीचा मक्ता मात्र बरीच वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. कच्छ-मांडवीचे व्यापारी अरब व स्वाहिली तांड्यांना कापड, मणी आणि तांब्याची तार उधारीने देत. तांडे आत खोल जंगलात जात आणि दात घेऊन परतत. त्यांतला पुष्कळसा माल मुंबईस येई. येथे त्याची प्रतवारी होई. चुड्यांचा माल गुजरात-राजपुतान्याकडे वळे, बाकीचा पुन्हा जहाजात चढून विलायतेस रवाना होई. आपल्या बंदरातल्या हमालांनी हे सुळे खांद्यावरून वाहिले आणि आपल्या वखारींत ते मोजले गेले. शेफील्डच्या मुठीवर मुंबईची खूण नसते, एवढेच.

आणि बंदरापर्यंत दात कोणी आणला? माणसाने. पूर्व आफ्रिकेत त्सेत्से नावाची माशी आहे. ती चावली की बैल, घोडे मरतात. त्यामुळे तेथे ना गाडी चाले ना ओझ्याचे जनावर. टांगानिका सरोवराकाठच्या उजिजीपासून समुद्रकाठच्या बागामोयोपर्यंतची वाट सुमारे १२०० किलोमीटरची. ती वाट सुमारे ३० किलोंचे ओझे घेऊन माणसे पायी तुडवीत. त्यांत मजुरीवर आलेले न्यामवेझी जमातीचे कसलेले भारवाहक होते, तसेच धरून आणलेले गुलामही होते. वाटेत किती पडले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. दातांची मात्र ठेवली.

मी शाळेत इतिहास शिकवितो. हा भाग मुलांना सांगत असता एका मुलीने उठून विचारले, "गुरुजी, शिंगासारखा दात परत उगवत नाही का?" प्रश्न साधा होता, पण साऱ्या विषयाची गुरुकिल्ली त्यात होती. आजोबांच्या चाकूच्या मुठीची गोष्ट येथे सांगावयास हवी. ते शिंग सांबराचे. शेफील्डला असली शिंगे आपल्या हिंदुस्थानातून जात. सांबर आपली शिंगे ठराविक काळाने टाकून देते, नवी येतात, आणि रानात पडलेली शिंगे माणसे वेचून आणीत. सारीच वेचलेली असत असे नव्हे, शिकारही होई. पुढे भारत सरकारने त्या व्यापारालाही आळा घातला. तरीपण प्राणी न मारता शिंग मिळू शकते, हे खरे. हत्तीचा सुळा गळून पडत नाही. त्याचा बराच भाग कवटीत रुतलेला असतो. पुरा सुळा हवा तर हत्ती मेलेलाच हवा. आपोआप मेलेल्या हत्तींचे दात जगाच्या जेवणाच्या टेबलांना पुरणारे नव्हते.

कोणी म्हणेल, मग नकली हस्तिदंत निघाला तेव्हा हत्ती सुटला असेल. तसे व्हावयास हवे होते. १८६३ मध्ये अमेरिकेत बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूला पर्याय काढणारास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. त्या खटपटीत पडलेल्या जॉन वेस्ली हायटने कापूर आणि रसायनात मुरविलेला कापूस यांपासून सेल्युलॉइड सिद्ध केले. इंग्लंडात १८७७ मध्ये ब्रिटिश झायलोनाइट कंपनी निघाली. किंचित वेगळ्या छटांचे पापुद्रे एकावर एक दाबून, ते आडवे कापून, हस्तिदंताच्या रेषाही वठविण्यात आल्या. फरक एवढाच की, या रेषा सरळ समांतर, आणि टोकाकडे ती जाळी नाही. तापलेली सुई लावली तर कापराचा वास येतो. आता हत्तीला विसावा मिळेल, अशी जाहिरातही विक्रेत्यांनी केली.

परंतु झाले उलटे. कारकुनाच्या घरी नकली पांढऱ्या मुठी आल्या, तसे साहेबाला खऱ्याच हव्याशा वाटू लागल्या. नकलेने अस्सलाची हाव कमी केली नाही, वाढविली. पियानोच्या पट्ट्यांची मागणी तर चढतच गेली. आपल्याकडे नकली मोती निघाले म्हणून खऱ्या मोत्यांचा सोस का कोणी सोडला? पहिल्या महायुद्धापर्यंत व्यापार भरात होता. नंतर सुऱ्यांच्या मुठीतून हस्तिदंत हटला तो दयेने नव्हे. शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद काढले, घरांतील नोकरचाकर गेले, भांडी धुण्याची यंत्रे आली. गरम पाण्याला भिणारी मूठ कोण सांभाळणार?

तरीही हत्ती सुटला नाही, कारण हाव नव्या देशांत आणि नव्या वस्तूंत शिरली. १९७९ मध्ये आफ्रिकेत सुमारे १३ लाख हत्ती असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांत तो सहा लाखांच्या आसपास आला. जुलै १९८९ मध्ये केनियाच्या अध्यक्षांनी १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळला. त्याच वर्षी राष्ट्राराष्ट्रांच्या करारात आफ्रिकेच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली आणि १९९० च्या आरंभी ती अमलात आली. आपल्या देशाने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अधिक कडक करीत १९८६ मध्ये देशी हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये आफ्रिकेहून आलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद केला. इंग्लंडने २०१८ चा कायदा ६ जून २०२२ पासून लागू केला. १९४७ पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल, तर नोंदणी करून ती विकण्याची सवलत त्यात आहे. परंतु जिची अख्खी मूठच दाताची, ती सुरी त्या दहा टक्क्यांत कशी बसावी?

कापणाऱ्याची ती नजर, ओल जाईपर्यंत थांबण्याचा तो धीर, खडूच्या पुडीने घोटणारी ती बोटे, यांची थोरवी मी नाकारीत नाही. पूरण आणि कल्याण यांच्यापासून शेफील्डच्या निनावी उस्तादापर्यंत त्या हातांना नमस्कारच करावा. पण हात कितीही थोर असला तरी त्याला माल निवडावाच लागतो. सांबराच्या खडबडीत शिंगातून काम चालत होते, हाडातून चालत होते, लाकडातून तर आजही चालते. भाकरी कापली जाते ती पात्याने, मुठीच्या रंगाने नव्हे. दाताची सुरी हवी होती ती कापण्यासाठी नव्हतीच. ती शेजाऱ्यापेक्षा वरचढ दिसण्यासाठी होती. कायद्याने दुकान बंद करता येते, पण ही हौस बंद करण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

शेफील्डच्या संग्रहालयांत त्या जुन्या सुऱ्या आता काचेआड विसावल्या आहेत. त्यांच्या मुठी थोड्या पिवळ्या पडल्या आहेत. पण टोकाकडे पाहिले तर ती नाजूक जाळी अजून स्पष्ट दिसते. घोटणाऱ्याने सारे चरे पुसले, कानशीच्या खुणा पुसल्या, मुंबईच्या वखारीची आणि बागामोयोच्या वाटेची नावनिशाणीही ठेवली नाही. हत्तीची सही मात्र त्याला पुसता आली नाही.